ॲल्युमिनियमची पिळवणूक

२०१० साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि रशियातल्या संशोधकांचा एक निबंध छापून आला आणि तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या जगात एक आकडा गाजतो आहे. विमानाच्या सांगाड्यात वापरला जाणारा ७०७५ हा मिश्रधातू त्यांनी प्रचंड दाबाखाली दाबून पिळला. त्यानंतर त्याची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे जिच्यापुढे धातू कायमचा वाकतो ती मर्यादा, १००० मेगापास्कलच्या जवळ पोचली. नेहमीच्या उष्णोपचाराने हाच धातू ५०० च्या आसपास थांबतो. हे ५०० सुद्धा थोडे नाहीत. मुंबईत मुलुंड-बोरिवलीच्या टॉवरांच्या पायात आज जी ‘एफई ५००’ सळई पडते तिची हमीसुद्धा एवढीच असते आणि ॲल्युमिनियमचे वजन तिच्या जेमतेम एक तृतीयांश. तेव्हा आकडा गाजावा यात नवल नाही. फक्त तो गाजवताना एक गोष्ट हळूच मागे राहते. अशा प्रयोगात पिळली जाते ती साधारण १० मिलिमीटर व्यासाची, मिलिमीटरभर जाडीची चकती, शर्टाच्या बटणाएवढी. बटणाएवढ्या धातूवरून विमानांची स्वप्ने पाहणारे आणि त्याच कारणासाठी या साऱ्या संशोधनाला प्रयोगशाळेतला खेळ म्हणून बाजूला सारणारे, दोघेही एकाच आकड्याकडे बघत आहेत असे मला वाटते. या तंत्राचे खरे मोल कमाल मजबुतीत नाही. धातूत आणखी काहीही न घालता मजबुती मिळते, यात ते आहे. आणि हे मोल जिथे लगेच वसूल होऊ शकते अशा जागा घाटकोपर, साकीनाका, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यात हाताच्या अंतरावर आहेत: विजेची तार आणि भंगार.

मजबुती विकत घ्यावी लागते, हे आधी मान्य करायला हवे. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. भट्टीत तापवून सैल केलेल्या व्यापारी शुद्धतेच्या पत्र्याची यील्ड स्ट्रेंग्थ ३५ मेगापास्कलच्या घरात. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतल्या डिसलोकेशनमुळे. अणूंच्या रांगांमधल्या या रेषेसारख्या चुका सरकत जातात आणि त्यांच्याबरोबर धातूचा आकार बदलतो. ओरोवान, पोलॅन्यी आणि टेलर यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडले. त्याच्या कितीतरी आधी, १९०६ मध्ये, जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याला असे आढळले होते, की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले आणि नुसते ठेवून दिले तर काही दिवसांत ते आपोआप कडक होते. त्यातूनच ड्युराल्युमिन आले आणि त्यातून विमानउद्योग. का कडक होते हे पुढे कळले: तांब्याचे अणू बारीक पुंजके करतात आणि डिसलोकेशनची वाट अडवतात. तेव्हापासून ॲल्युमिनियम मजबूत करण्याचा राजमार्ग हाच राहिला. तांबे घाला, जस्त घाला, मॅग्नेशियम-सिलिकॉन घाला. मजबुती मिळते, पण घातलेली प्रत्येक गोष्ट विजेच्या वाटेत काटा होऊन बसते आणि धातू पुन्हा वितळवायची वेळ आली की कढईतून परत काढता येत नाही.

दुसरा मार्ग कणांचा. कोणताही घन धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. एका कणातली अणूंची मांडणी शेजारच्या कणाशी जुळत नाही, म्हणून डिसलोकेशन सीमेवर येऊन अडते. कण जितके बारीक तितक्या सीमा जास्त. इंग्लंडमध्ये ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये पोलादावर हे मोजले: मजबुतीची वाढ कणाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात होते. कण शंभरपट बारीक केला तर सीमांमुळे मिळणारी मजबुती दसपट. मग कण बारीक कसे करायचे? पत्रा रोलमधून काढला, तार डायमधून ओढली की कण चिरडतात हे कारखान्यांना जुनेच ठाऊक आहे. बोरिवलीला वर्षानुवर्षे पोलादी तारा ओढल्या गेल्या त्या याच न्यायाने. अडचण अशी, की प्रत्येक फेरीत पत्रा पातळ होतो, तार बारीक होते आणि चिरडायला धातूच उरत नाही. आकार न बदलता चिरडायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘सिव्हिअर प्लास्टिक डिफॉर्मेशन’, सोयीसाठी पिळवट म्हणू. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी १९३० च्या दशकातच धातू दाबाखाली ठेवून पिळून पाहिले होते. उच्च दाबावरच्या कामासाठी त्यांना १९४६ चे नोबेल मिळाले. १९७० च्या दशकात मिन्स्कमध्ये व्लादिमिर सेगल यांनी वेगळी युक्ती काढली. काटकोनात वळलेल्या नळीतून धातूचा दांडका दाबून बाहेर काढायचा. वळणावर तो पूर्ण कापला-घासला जातो, पण बाहेर येतो तेवढ्याच जाडीचा. म्हणून तोच पुन्हा घालता येतो, चार वेळा, आठ वेळा, प्रत्येक वेळी ९० अंशांत फिरवून. रशियातल्या उफा शहरात रुस्लान वालिएव यांनी या पद्धतींनी मिळणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा पाठपुरावा केला आणि विषयाला आजचे रूप दिले. जपानमध्ये, ओसाका विद्यापीठातल्या सैतो आणि त्सुजी यांच्या गटाने १९९८ च्या सुमारास रोलिंगचेच सोने केले: पत्रा निम्मा जाड करायचा, कापून एकावर एक ठेवायचा, पुन्हा रोलमधून काढायचा. चिरोट्याची पोळी लाटून, घडी घालून पुन्हा लाटावी तसेच हे. दहा फेऱ्यांत मिलिमीटरभर पत्र्यात १०२४ थर होतात, म्हणजे एकेक थर मायक्रॉनच्या आसपास.

या साऱ्यात पवईचा संबंध नुसता भौगोलिक नाही. पवईची आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने, आणि ही तंत्रे सोव्हिएत प्रयोगशाळांत रुजली, हा योगायोगच म्हणायचा. योगायोग नाही ती गोष्ट म्हणजे तिथल्या धातुशास्त्र आणि पदार्थविज्ञान विभागात टेक्श्चर आणि ओरिएंटेशन इमेजिंगची राष्ट्रीय सुविधा आहे. या विषयात ‘दिसणे’ हा निम्मा पुरावा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकातून चिरडलेले ॲल्युमिनियम नुसते गढूळ दिसते. इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर बिंदूबिंदूने फिरवला आणि प्रत्येक ठिकाणी अणूंच्या मांडणीची दिशा नोंदवली, तर कोणती सीमा खरी आणि कोणती नुसती कुरबुर हे कळते. शेजारच्या दोन कणांतला फरक दोन-तीन अंशांचा असेल तर डिसलोकेशन ती सीमा फारशी न अडखळता ओलांडते; १५ अंशांच्या वर असेल तर खरी भिंत. साध्या रोलिंगमध्ये पहिल्या प्रकारच्या सीमा पोत्याने मिळतात. चार ते आठ फेऱ्यांच्या पिळवटीत त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या प्रकारात बदलतात. ‘आमच्याकडे कण २०० नॅनोमीटरचे झाले’ असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: सीमा किती अंशांच्या?

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे आणि या तंत्राचे भक्त तो टाळतात. हॉल-पेच नियमात प्रत्येक धातूचा एक गुणांक असतो. सीमा किती परिणामकारक हे तो सांगतो. ॲल्युमिनियमचा हा गुणांक पोलादाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. हिशेब केला तर एक मायक्रॉनच्या कणांनी शुद्ध ॲल्युमिनियमला जेमतेम ४० ते ७० मेगापास्कल मिळतात, ०.२ मायक्रॉनच्या कणांनी शंभर-दीडशे. मऊ धातूच्या मानाने ही तिप्पट-चौपट वाढ, पण त्याच शुद्ध ॲल्युमिनियमचा साधा, नेहमीच्या रोलवर कडक केलेला पत्रा १५० मेगापास्कल देतोच. मग एवढा खटाटोप कशाला? ७०७५ चा हजारी आकडासुद्धा एकट्या बारीक कणांनी आलेला नाही. तिथे कण होते सुमारे २६ नॅनोमीटरचे, आणि जस्त, मॅग्नेशियम, तांब्याचे अणू कणांच्या आत आणि सीमांवर विशिष्ट रीतीने गोळा झाले होते. त्या रचनेचा वाटा मोठा होता. मिश्रण होतेच. तेव्हा ‘नुसते पिळा आणि दुप्पट मजबुती घ्या’ ही जाहिरात खोटी आहे, एवढे निश्चित. प्रश्न उलटा विचारला तर मात्र उत्तर वेगळे येते. ठरावीक मजबुती गाठायची आहे. त्यासाठी धातूचे काय काय बिघडवावे लागते?

विजेच्या तारेवर हा प्रश्न विचारून पाहू. शुद्ध तांब्याची विद्युतवाहकता शंभर धरली तर वीजवाहक दर्जाच्या ॲल्युमिनियमची, १३५० ची, ६१ च्या थोडी वर असते. वजन मात्र तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून खांबांवरून, मनोऱ्यांवरून जाणारी तार ॲल्युमिनियमची. पण ओढून कडक केलेली ही तार १६० ते १८५ मेगापास्कलला तुटते. दोन मनोऱ्यांमधले अंतर तिला स्वतःच्या जोरावर पेलत नाही. जुना उपाय म्हणजे मध्ये पोलादी गाभा घालायचा. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत त्या गाभ्याचे जस्त उडते आणि ॲल्युमिनियम-पोलाद या जोडीत गंज आतून पोखरत जातो. किनाऱ्यालगतच्या भागांत सबंध मिश्रधातूची तार पसंत केली जाते ती त्यामुळेच. हा मिश्रधातू म्हणजे ६२०१: मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, दोन्ही एक टक्क्याहून कमी. ताकद ३१० ते ३३० मेगापास्कलपर्यंत जाते आणि वाहकता ५२.५ वर उतरते. मजबुती दुप्पट करायला वाहकतेचा सातवा हिस्सा मोजला. वीज वाहते तोवर रोज, तार उतरेपर्यंत, तो मोजत राहायचा. आता उफामधल्या गटाने दाखवले ते असे: हाच ६२०१ थोड्या तापमानावर, १३० ते १८० अंश सेल्सियसला, पिळला तर कण बारीक होतात आणि त्याच वेळी मॅग्नेशियम-सिलिकॉनचे विरघळलेले अणू बाहेर पडून अतिसूक्ष्म पुंजके करतात. विजेला खरा त्रास देतात ते विरघळलेले, विखुरलेले अणू. पुंजक्यांचा त्रास त्या मानाने नगण्य आणि कणसीमांचाही थोडाच. परिणामी ताकद ३६० मेगापास्कलच्या वर आणि वाहकता ५८ च्या आसपास, एकाच नमुन्यात. ५२.५ वरून ५८ म्हणजे त्याच जाडीच्या तारेचा रोध सुमारे साडेनऊ टक्क्यांनी कमी आणि त्या प्रमाणात तापून वाया जाणारी वीजही कमी. ७०७५ च्या हजार मेगापास्कलपेक्षा हे साडेनऊ टक्के मला अधिक मोलाचे वाटतात. त्यावर मथळे येणार नाहीत ही गोष्ट वेगळी.

इथे वीजक्षेत्रातला माणूस लगेच हरकत घेईल आणि ती खरी आहे. मुंबईची अडचण तारांच्या जागेची आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सारे शहर अंधारात गेले तेव्हा बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत हे उघडे पडले. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. नवे मनोरे उभारायला जागा नसते तेव्हा त्याच मनोऱ्यांवर जास्त वीज सोसणारी तार चढवतात. ही तार १५० ते २०० अंशांपर्यंत तापू दिली जाते. अतिसूक्ष्म कणांचे ॲल्युमिनियम एवढ्या उष्णतेत टिकत नाही. सीमा सरकतात, कण पुन्हा मोठे होतात आणि कमावलेली मजबुती काही तासांत जाते. झिर्कोनियम घालून कण बांधून ठेवता येतात, पण मग ‘काही न घालता’ हा मुद्दाच सैल पडतो. म्हणून या तंत्राने तापत्या वाहिन्यांच्या शर्यतीत उतरूच नये. त्याची जागा खालच्या पायरीवर आहे: ८०-९० अंशांच्या आत चालणाऱ्या, मिश्रधातूच्या साध्या तारा, ज्या किनारपट्टीवर आणि ग्रामीण महाराष्ट्रात मैलोनमैल लागतात. दुसरी नेहमीची हरकत, बारीक कणांचा धातू फारसा लांबत नाही आणि लवकर तुटतो, ही मोटारीच्या दरवाजासाठी रास्त आहे. तारेला ती तेवढी लागू नाही. शुद्ध ॲल्युमिनियमची कडक ओढलेली तार तशीही दीड-दोन टक्क्यांहून अधिक लांबत नाही.

भंगाराची गोष्ट तारेपेक्षा गुंतागुंतीची आणि माझ्या मते मोठी आहे. कुर्ला, जरीमरी, साकीनाका या पट्ट्यात येणारे ॲल्युमिनियम म्हणजे एका बाजूला जुनी पातेली, दुसरीकडे स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन, केबलचे तुकडे, स्कूटरच्या इंजिनाची ओतीव खोकी, मरोळ-अंधेरीच्या लेथवरची टर्निंग. पातेली जवळपास शुद्ध धातूची. खिडकी ६०६३ ची. इंजिनात सिलिकॉन दहा टक्क्यांच्या घरात. निवडणारे हात तरबेज असतात, पण भट्टीत शेवटी मिसळ होतेच आणि तिच्याबरोबर स्क्रू, रिव्हेट, बिजागऱ्या जातात. त्यातून लोखंड येते. लोखंड घन ॲल्युमिनियममध्ये फार तर ०.०५ टक्के विरघळते; बाकीचे सिलिकॉनशी मिळून सुईसारखे ठिसूळ स्फटिक करते आणि तडा नेमका तिथून जातो. वितळलेल्या ॲल्युमिनियममधून लोखंड परवडेल अशा खर्चात काढता येत नाही. प्रत्येक फेरीत ते वाढतच जाते. म्हणून खिडकीची पुन्हा खिडकी होत नाही. ती ओतकामाच्या इनगॉटमध्ये जाते आणि तिथून इंजिनाच्या खोक्यात. मोटारी विजेवर चालू लागल्या की ही खोकी कमी लागतील, तेव्हा या उतरत्या वाटेच्या तळाशी गिऱ्हाईकच उरणार नाही, हा धोका आहे.

पिळवट इथे दोन कामे करते. पहिले, लोखंडाच्या सुया मोडून त्यांचा बारीक चुरा करते आणि तो सगळीकडे पसरवते. मोडलेली सुई तड्याचे उगमस्थान राहत नाही. उलट बारीक चुरा कणांच्या सीमा धरून ठेवायला उपयोगी पडतो. दुसरे काम अधिक धाडसी: भंगार वितळवायचेच नाही. लेथची टर्निंग दाबून सरळ एक्स्ट्रूजन करण्याची कल्पना मॅक्स स्टर्न यांनी १९४५ मध्येच पेटंट केली होती. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने तिला नवे रूप दिले. डाय फिरती ठेवायची, घर्षणाने धातू मऊ होतो, पिळला जातो आणि ६०६३ च्या भंगारातून सरळ नळी किंवा सेक्शन बाहेर येतो. आता उपनगरांकडे पाहा. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये ज्या सोसायट्या पुनर्विकासाला जातात, त्यांतून खिडक्यांचे सेक्शन निघतात ते बहुतांश एकाच कुळातले. एरवी जी निवड करायला यंत्रे आणि एक्स-रे लागतात, ती इथे इमारत पाडतानाच होऊन गेलेली असते. हा स्वच्छ ओघ पातेल्या-इंजिनांत मिसळून बिघडवणे हा निव्वळ उधळेपणा आहे.

पिळायला लागणाऱ्या विजेचे काय? हिशेब अवघड नाही. २०० मेगापास्कलच्या धातूवर आठ एकक विकृती लादायची, म्हणजे नळीच्या साधारण आठ फेऱ्या, तर घनमीटरमागे १६०० मेगाज्यूल काम होते. ॲल्युमिनियमच्या २७०० किलोंनी भागले तर किलोमागे ०.६ मेगाज्यूल, विजेच्या मीटरवर सांगायचे तर एक षष्ठांश युनिट. घर्षण आणि यंत्राच्या नुकसानीने ते तिप्पट-चौपट झाले तरी अर्धा-पाऊण युनिट. नवे ॲल्युमिनियम गाळायला किलोला १३ ते १५ युनिटे लागतात. नुसते वितळवण्याची सैद्धांतिक गरजच ०.३ युनिट, आणि भंगाराच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी पट इंधन खातात. महाराष्ट्रात एकही मोठा ॲल्युमिनियम स्मेल्टर नाही. राधानगरी परिसरातले बॉक्साइट बेळगावला ॲल्युमिना व्हायला जाते आणि धातू गाळला जातो तो दुसऱ्या राज्यांतल्या कोळशावर. इथे मुबलक आहे ते भंगार. त्यामुळे वाचवलेला प्रत्येक किलो म्हणजे दूर कुठे तरी न जळलेला कोळसा.

राहतो आकाराचा आणि वेगाचा आक्षेप: एकेक दांडका आठ-आठ वेळा दाबणारे यंत्र कारखान्यात कसे चालणार? त्याला थोडे उत्तर आधीच मिळालेले आहे. हनीवेल कंपनीने काटकोनी नळीचे तंत्र ॲल्युमिनियमच्या स्पटरिंग टार्गेटसाठी, म्हणजे चिप बनवताना धातूचा थर चढवायच्या चकत्यांसाठी, व्यापारी पातळीवर वापरले. तिथे गिऱ्हाईक महाग मालाचे पैसे देते, हे खरे. तारेसाठी अखंड चालणारी पद्धत आहे. ‘कॉन्फॉर्म’ या जुन्या एक्स्ट्रूजन यंत्राच्या फिरत्या चाकातच काटकोनी वळण बसवायचे, मग तार थांबत नाही. वीजतारांच्या धंद्याला कॉन्फॉर्म यंत्र अपरिचित नाही. डायच्या झिजेचा खर्च मात्र कमी लेखू नये. लहान कारखानदाराला तोच बुडवील, आणि म्हणून सुरुवात साकीनाक्याच्या गाळ्यातून होईल असे मला वाटत नाही. ती तारांच्या मोठ्या कारखान्यातूनच व्हावी लागेल.

तारेचा पहिला दरवाजा कागदावर तरी उघडा आहे. मिश्रधातूच्या तारांसाठी भारतीय मानक आयएस ३९८ चा चौथा भाग आहे. त्यात तुटण्याच्या ताकदीच्या आणि रोधाच्या कसोट्या आहेत, म्हणजे त्याच, जिथे पिळलेली तार पुढे आहे. खरी परीक्षा या दोन्हींच्या पलीकडची आहे. मनोऱ्यावर चढलेली तार दहा, वीस, तीस वर्षे सतत ताणाखाली असते आणि हळूहळू लांबते. सीमा जास्त तितके हे सरपटणे वाढण्याचा संभव, कारण सीमा स्वतःच सरकू शकतात. ज्या गुणाने मजबुती दिली तोच इथे उलटू शकतो. ८० अंशांवर, नेहमीच्या ताणाखाली, हजारो तास तार टांगून ठेवणे आणि मधूनमधून तिचे कण तपासणे, एवढीच ही परीक्षा; कंटाळवाणी, पण त्यात अशक्य काही नाही. कण मोजायची यंत्रे पवईला आहेत; ॲल्युमिनियमलाच वाहिलेले जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र १९८९ पासून नागपूरला आहे. लांबीचा आलेख काही महिन्यांनी आडवा झाला तर तार जिंकली. चढतच राहिला, तर हे तंत्र विजेच्या खांबावरून उतरवून खिडकीच्या सेक्शनपुरते ठेवावे.